साळींदराचा सेवाखंड

मी आस्थापना शाखेत एकवीस वर्षं काढली आहेत. कोण नोकरीत आहे, कोण नाही आणि कोण असूनही नाही, हे कागदावर ठरवणारी ती शाखा. यातला तिसरा प्रकार बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक होते. मला स्वतःलाही तो नीट समजला तो एका साळींदरामुळे, आणि ते साळींदर फक्त फाशांच्या एका खेळात होतं.

कार्यालय कोणतं ते सांगत नाही. नंदुरबारला आहे, दुमजली आहे आणि वरच्या मजल्यावरचा पंखा आवाज करतो, एवढं पुरे.

खेळ माझ्या मुलीचा. ती पुण्याला नोकरीला गेली तेव्हा कपाट आवरताना एक जाड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फाशांची एक डबी मागे राहिली. चार पैलूंचा फासा, आठ पैलूंचा, बारा, वीस. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगारीण. एकाने गोष्ट चालवायची आणि नियम सांभाळायचे. बाकीच्यांनी सांगायचं की आम्ही आता दार फोडतो किंवा नदी ओलांडतो, फासा टाकायचा, आणि दार फुटलं की हात मोडला हे गोष्ट चालवणाऱ्याने सांगायचं. एका रविवारी पेपर आला नाही म्हणून मी ते पुस्तक उघडलं. नागरी सेवा नियमांनंतर इतकं अपवादांनी भरलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नव्हतं. प्रत्येक नियमाखाली परंतुक, परंतुकाखाली टीप, आणि टिपेत मूळ नियमावरच शंका. संध्याकाळपर्यंत मी उठलो नाही. बायकोने दोनदा विचारलं की परीक्षा आहे का.

शनिवारी सुट्टी लागू झाल्यापासून कार्यालयातल्या बऱ्याच जणांना त्या दिवसाचं काय करायचं ते कळत नव्हतं. त्यातून आमचे चार जण जमले. जीपचे ड्रायव्हर नाना, ज्यांच्या घरी आम्ही बसायचो. आवक-जावक शाखेच्या मॅडम, ज्यांनी पहिल्याच दिवशी खेळासाठी वेगळं रजिस्टर घातलं आणि आम्ही मारलेल्या प्रत्येक राक्षसाला क्रमांक दिला. मी. आणि संगणकावर बसणाऱ्या ताई.

ताई तोरणमाळच्या घाटाखालच्या एका पाड्यावरच्या. घरी पावरी बोलतात. मराठी त्यांची शाळेतली, त्यामुळे आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध. माझ्या मसुद्यातल्या चुका त्या न बोलता दुरुस्त करतात आणि मला त्याचा राग येतो. कार्यालयातलं प्रत्येक पत्र, प्रत्येक तक्ता, वरच्या कार्यालयाला जाणारी प्रत्येक माहिती त्यांच्या हातून जाते. संगणकाचे पासवर्ड त्यांनाच पाठ. तरी त्या आमच्या कर्मचारी नाहीत. त्या कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा आदेश निघतो, तो संपला की एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिन्यांचा आदेश. मधल्या त्या एका दिवसामुळे त्यांची नोकरी सलग राहत नाही, आणि ती सलग राहू नये म्हणूनच तो दिवस आहे. आदेशाचा मसुदा मी करतो. टाइप ताई करतात. गेली आठ वर्षं त्यांनी स्वतःला नोकरीवरून कमी केल्याचा कागद स्वतः टाइप करून, कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरं टाकून माझ्यासमोर ठेवला आहे. मीही त्यात कधी काही वावगं पाहिलं नाही.

नानांचं घर मिरचीच्या पथारीला लागून आहे. हंगामात बाहेर एकरभर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि आत आम्ही शिंकत असतो. म्हणून एक नियम करावा लागला: फासा पडताना शिंक आली तर तो फासा बाद. नाना आकडा वाईट दिसला की शिंकू लागले, तेव्हा त्याला दुरुस्ती काढली की शिंक फासा थांबण्याआधीची असावी. दुरुस्तीची प्रत भिंतीवर लावली. ती अजून आहे.

आता साळींदर. पुस्तकात सोय आहे की प्रत्येक पात्राला एक सोबती प्राणी घेता येतो. तो तुमच्याबरोबर हिंडतो, धोका आला तर सांगतो, आणि त्याच्याशी तुम्हाला न बोलता बोलता येतं. कोणते प्राणी चालतील याची यादी दिली आहे. नानांनी कुत्रं घेतलं. मॅडमनी घुबड घेतलं. फक्त सासूबाईंच्या हाती रजिस्टर लागेल म्हणून त्याची नोंद नुसती ‘पक्षी’ अशी केली. ताईंनी साळींदर मागितलं. यादीत साळींदर नव्हतं.

मी सांगितलं, यादीत नाही. ताईंनी लेखी अर्ज दिला. लेखी अर्ज आला की माझ्या अंगात येतं. मी पुस्तक पुन्हा चाळलं आणि वाट काढली: यादीबाहेरचा प्राणी मंत्र म्हणून बोलावता येतो. मग बाकायदा टिपणी लिहिली, की विशेष बाब म्हणून साळींदरास मंजुरी देण्यात येत आहे. खाली अटी घातल्या. अटी मला विचार करून लिहाव्या लागत नाहीत, त्या हातातून आपोआप उतरतात. अट क्रमांक तीन अशी होती: ‘सदर प्राणी निव्वळ मंत्राने बोलावलेला असून त्यास कायम सोबतीचा हक्क सांगता येणार नाही.’ ताईंनी वाचून सही केली. त्या किंचित हसल्या असं मॅडम नंतर म्हणाल्या. मी सहीच पाहत होतो.

वर्षभरात ते साळींदर आमच्या टोळीतलं सगळ्यात कामाचं झालं. मी एकदा वर्णन करताना म्हटलं की त्याने काटे फेकून मारले. ताईंनी मला थांबवलं. साळींदर काटे फेकत नाही. ते आधी शेपूट खडखडवतं, मग पाठ करतं आणि उलटं तुमच्या अंगावर येतं. काटे त्याचे त्याच्यापाशी असतात, तुम्हीच जाऊन त्यात रुतता. हे त्यांनी लहानपणी त्यांच्या शेताच्या बांधावर पाहिलं होतं. पुढे गोष्टीतल्या एका लोहाराने त्याला पितळी घुंगरू करून दिलं. गळ्यात बांधायचं म्हटलं तर साळींदराला मान कुठे असते असा आक्षेप मॅडमनी घेतला, म्हणून ते पुढच्या पायात बांधलं. अंधाऱ्या भुयारात साळींदर पुढे आणि आम्ही घुंगराच्या मागे, असं आम्ही महिनोन्‌महिने चाललो. सापळे कुठे आहेत ते त्याने एकेक करून शिकून घेतलं होतं. कोणत्या दाराला कसला वास येतो हे त्याला ठाऊक होतं. नाना त्याच्या भरवशावर बेधडक कुठेही शिरायचे.

त्याच सुमारास एका दुसऱ्या खात्याची जाहिरात आली. ताई करतात तेच काम, पण कायम पद. अट होती सलग पाच वर्षांच्या अनुभवाची. ताईंचं वय आणखी एका वर्षाने मर्यादेबाहेर जाणार होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी होती. त्यांनी माझ्याकडे अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज दिला. मी नियमाप्रमाणे मसुदा केला: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, खंड, पुन्हा अमुकपासून अमुकपर्यंत, खंड. आठ आदेश, मध्ये सात खंड. असा कागद पाहून कोणीही त्यांना सलग म्हणणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण खंड होते तर मी ते लिहिणार. शुक्रवारी संध्याकाळी तो मसुदा ताईंनी टाइप केला, नेहमीसारखी आद्याक्षरं टाकली आणि साहेबांच्या सहीच्या फाइलमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. गोष्ट एका डोंगरमाथ्यावर पोचली होती. वर सपाट मैदान, मध्ये तळं. नाना म्हणाले की हे तोरणमाळ आहे. मी म्हटलं, नाही, हे काल्पनिक आहे. तळ्याकाठी एका मेलेल्या मांत्रिकाचं आवार होतं आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ. त्या वर्तुळात कसलीही जादू चालत नाही. पुस्तकात अशा जागेवर आणि जादू मोडणाऱ्या मंत्रांवर मिळून तीन पानं आहेत आणि मी ती आठवडाभर पेन्सिलीने खुणा करून वाचली होती. फार दिवसांनी मला एखाद्या विषयाची इतकी तयारी झाली होती.

मी ऐटीत समजावून सांगितलं. जो प्राणी मुळात खराखुरा आहे आणि आपणहून सोबत आला आहे, तो वर्तुळात तसाच राहतो. फक्त जादूने त्याला जे मिळालं ते जातं. म्हणजे मॅडमना घुबडाच्या डोळ्यांनी पाहता येणार नाही. घुबड एखाद्या झाडावर जाऊन घुबडासारखं बसेल. नानांचं कुत्रं मनातलं बोलणार नाही, नुसतं भुंकेल.

नानांनी खात्री करून घेतली. "मन्हं कुत्रं कायम शे ना, भाऊसाहेब?"

कायम, मी म्हटलं. यादीतलं आहे.

पण जो प्राणी मंत्राने बोलावलेला आहे, तो म्हणजेच मंत्र. वर्तुळाच्या रेषेवर पाय पडला की तो नाहीसा होतो. मी अट क्रमांक तीन वाचून दाखवली. साळींदर घुंगरू वाजवत पुढे चाललं होतं, ते रेषेवर गेलं आणि नाहीसं झालं.

"घुंगरू राहिलं का?" ताईंनी विचारलं.

घुंगरू लोहाराने घडवलेलं, मंत्राचं नाही. ते जमिनीवर पडलं, असं मी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं की वर्तुळाबाहेर आल्यावर ते परत येईल का. इथे पुस्तक गुळमुळीत आहे. निर्णय गोष्ट चालवणाऱ्यावर सोडला आहे, म्हणजे माझ्यावर. मी क्षणभरही थांबलो नाही. परत येईल, पण नव्याने बोलावल्यावर, आणि नव्याने बोलावलेलं साळींदर हे नवं साळींदर. आधीचं शिकलेलं त्यात धरता येणार नाही. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. नाना म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊसाहेब, ते साळींदर तुमनं काय खाई ऱ्हायनं?" मी म्हटलं, प्रश्न माझा नाही, नियमाचा आहे.

ताईंनी फासे डबीत भरले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "मधल्या वेळात ते कुठे असतं?"

"कुठेही नसतं," मी म्हणालो.

"भाऊसाहेब, खंडाच्या दिवशी मी कुठे असते?"

बाहेर पथारीवर बायका मिरची उलटत होत्या. नानांना शिंक आली, पण कुणाच्या हातात फासा नव्हता.

आम्हा तिघांनाही उत्तर ठाऊक होतं. खंडाच्या दिवशी ताई त्यांच्याच खुर्चीवर असतात. हजेरीपटावर सही करत नाहीत, एवढंच. वरच्या कार्यालयाला रोजचा तक्ता जायचाच असतो, आणि तो दुसऱ्या कुणाला करता येत नाही. गेल्या खंडाला त्या सकाळी दहाला आल्या आणि संध्याकाळी सातला गेल्या. दुपारी मीच त्यांना चार पत्रं दिली होती आणि चौथ्याला उशीर झाला म्हणून बोललोही होतो. जी बाई त्या दिवशी नोकरीत नव्हती तिला मी कामचुकार ठरवलं होतं. हे सगळं मला नानांच्या कॉटवर बसल्या बसल्या आठवलं आणि मला लाज वाटली. सरळच लिहितो, लाज वाटली. पण मी तेव्हा म्हणालो काय, तर खेळ आणि कार्यालय यांची सरमिसळ करू नये. ताई म्हणाल्या, बरोबर आहे. आणि संध्याकाळच्या रिक्षाने गेल्या.

सोमवारी मी साहेबांच्या फाइलमधून तो मसुदा काढून घेतला. मॅडमकडे गेलो. मला काय हवं ते सांगायच्या आत त्यांनी जावक रजिस्टरं टेबलावर आणून ठेवली. त्या रविवारीच येऊन काढून गेल्या होत्या. सातही खंडांच्या दिवशी पत्रं गेली होती. आम्ही अडगळीतून कार्यालयीन प्रती काढल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात ताईंची आद्याक्षरं. एका वर्षी तर त्यांच्याच खंडाच्या आदेशाची प्रत खंडाच्या दिवशी टाइप झाली होती. मी एकवीस वर्षांतली सगळ्यात चांगली टिपणी लिहिली. सात प्रती जोडल्या, पानापानाला खुणेच्या कागदी झेंड्या लावल्या, आणि प्रमाणपत्रात एक वाक्य घातलं: ‘उपरोक्त खंडाच्या दिवशीही त्या कार्यालयात उपस्थित राहून कामकाज करीत होत्या.’ ते वाक्य मी स्वतः दोन बोटांनी टाइप केलं. ते ताईंनी टाइप करावं असं मला वाटेना.

फाइल चार दिवस आत राहिली. पाचव्या दिवशी ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन बाहेर आली. मी चर्चा करायला गेलो. आमचे साहेब वाईट नाहीत. सभ्य आहेत, वेळेवर येतात, चहा स्वतःच्या पैशाने पाजतात. ते म्हणाले की हे लिहून दिलं तर खंडाच्या दिवशी आपण काम करून घेतलं असं आपणच कबूल करतो.

"ते खरं आहे, साहेब," मी म्हणालो.

"खरं आहे म्हणूनच नको."

त्यांनी ते वाक्य खोडलं, खोडल्यावर सही केली आणि पुन्हा स्वच्छ प्रत करायला सांगितली. स्वच्छ प्रत ताईंनी केली. खोडलेलं वाक्य त्यांनी वाचलं असणार, कारण त्या सगळं वाचतात. त्यांनी अर्ज मुदतीत पाठवला. पंधरा दिवसांनी अपात्र उमेदवारांची यादी लागली. त्यात त्या होत्या. कारणाच्या रकान्यात ‘अनुभव सलग नाही’ असं होतं. यादी त्यांनीच छापून काढली आणि माझ्या टेबलावरून जाताना मला दाखवली. मी चष्मा पुसला.

त्या शनिवारी त्या येतील असं वाटलं नव्हतं. आल्या. मी तयारीनिशी गेलो होतो. एका कागदावर शुद्धिपत्रक काढलं होतं: अट क्रमांक तीनमधील ‘निव्वळ मंत्राने बोलावलेला’ या शब्दांऐवजी ‘आपणहून सोबत आलेला’ असे शब्द वाचावेत, पूर्वलक्षी प्रभावाने. म्हणजे साळींदर वर्तुळात नाहीसं झालंच नव्हतं. जादू गेली असती, ते राहिलं असतं. काटे काही जादूचे नव्हते. मी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाल्या, "राहू द्या भाऊसाहेब. आहे त्या आदेशाप्रमाणे होऊ द्या."

आदेशाप्रमाणे झालं. साळींदराशिवाय आम्ही वर्तुळात शिरलो आणि पहिल्याच सापळ्यात नानांच्या योद्ध्याचा पाय गेला. कुत्रं भुंकत राहिलं. घुबड झाडावर बसलं होतं. ताई घुंगरू हातात घेऊन सगळ्यांच्या मागून चालल्या आणि दुपारभर त्यांनी एकही सूचना केली नाही.

मग आठवा आदेश संपला. खंडाचा दिवस गुरुवारी आला. सकाळी मी गेलो तर ताईंच्या टेबलावर कीबोर्डवर त्यांचं ओळखपत्र ठेवलेलं, फीत नीट गुंडाळलेली. खुर्ची आत सरकवलेली. संगणक बंद. आदेशात असतंच की खंडाच्या काळात ओळखपत्र जमा करावं. आठ वर्षांत ते कधी कुणी जमा केलं नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं.

अकरा वाजता साहेबांची वरच्यांशी व्हिडिओ बैठक होती. दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांना तक्ता हवा होता. पावणेअकराला ते स्वतः खाली आले. मॅडम जावक रजिस्टरात डोकं घालून बसल्या होत्या. नाना दारात उभे होते.

"ताई कुठे आहेत?"

मी फाइल उघडून त्यांच्यापुढे धरली. म्हणालो, साहेब, आज त्या नाहीत. आदेश आपल्याच सहीचा आहे. साहेबांनी आदेश पूर्ण वाचला. माझ्या मते तो त्यांनी पहिल्यांदाच वाचला. फोन लावला तर लागेना; घाटाखाली रेंज नसते.

नाना पुढे झाले. "गाडी काढू का, साहेब? दुपारलगून ताईले लई येसू."

साहेब म्हणाले, काढा, दुपारपर्यंत घेऊन या. नानांनी किल्ली घेतली, लॉगबुक घेतलं आणि माझ्याकडे वळले. "लॉगबुकमा कारण काय लिखू?"

मी विचार केला. खरं कारण एकच होतं: सेवेत नसलेल्या व्यक्तीस कार्यालयीन कामासाठी आणणे. मी ते मोठ्याने सांगितलं. साहेब फाइल मिटून जिना चढू लागले. नानांनी किल्ली खिळ्याला लावून ठेवली. बैठकीत साहेबांनी काय सांगितलं मला माहीत नाही. त्या दिवशी कार्यालयातून एकही पत्र गेलं नाही. मॅडमनी जावक रजिस्टरात त्या तारखेखाली आडवी रेघ मारली, पट्टी लावून, अगदी सरळ. मला सकाळी हसू येत होतं. दुपारनंतर येईना, कारण मी त्या बंद संगणकासमोरून दहा वेळा गेलो आणि दर वेळी मला ती जागा रिकामी आहे हे नव्याने दिसलं.

शुक्रवारी दहाला ताई आल्या, नव्या आदेशाचा रुजू अहवाल घेऊन. साहेबांनी बोलावलं. मी फाइल घेऊन सोबत होतो. काल कुठे होतात, असं साहेबांनी विचारलं. रागावून नाही, पण विचारलं.

"काल मी कुठेही नव्हते, सर," ताई म्हणाल्या.

साहेबांनी रुजू अहवालावर सही केली. ताई गेल्या. मग त्यांनी मला ते जुनं अनुभव प्रमाणपत्र पुन्हा आणायला सांगितलं, त्या वाक्यासह. मी सांगितलं की यादीवर हरकत घ्यायची मुदत संपून चार दिवस झाले आहेत. ते म्हणाले, तरी आणा. मी आणलं. त्यांनी सही केली.

ताईंनी प्रमाणपत्र उभ्याउभ्या वाचलं. मग जावक क्रमांक टाकून घेतला, दोन प्रती काढल्या आणि एक पिशवीत ठेवली. त्याचा आता कुठेच उपयोग नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. आभार मानले नाहीत. मानले असते तर मला सहन झालं नसतं.

शनिवारी नानांच्या घरी बसल्यावर त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "ते शुद्धिपत्रक द्या. आता लागू करा."

ते माझ्या खिशातच होतं. मी सही केली, मॅडमनी क्रमांक दिला. ताईंनी घुंगरू साळींदराच्या पुढच्या पायात बांधलं. रजिस्टरात नोंद आहे की ते त्या दिवसापासून कायम आहे, मागच्या सगळ्या सेवेसह.

ताईंचा नववा आदेश अकरा महिन्यांचा आहे. मसुदा माझा आहे आणि कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं आहेत.